महादेवाच्या डोंगरातील कडे, गुहा आणि वणवे

नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा असा उत्तरेचा रस्ता धरलेला प्रवासी तामियाचा घाट उतरून देनवा नदीच्या खोऱ्यात शिरतो, तेव्हा दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी पालटतात. दख्खनचा काळा कातळ मागे पडून रस्त्याच्या कडेला तांबूस वालुकाश्म डोके वर काढू लागतो. आणि पानगळीने उघडाबोडका झालेला, वाळल्या पानांचा खच पायाशी घेऊन उभा असलेला साग संपून, ऐन चैत्राच्या उन्हात कोवळ्या पालवीने झळाळणारे सालाचे वन सुरू होते. झाडीपट्टीतले लोक ज्याला सरई म्हणतात तो हाच वृक्ष. त्याचे सलग राज्य येथून पुष्कळ पूर्वेस, मंडला, बालाघाट आणि छत्तीसगडच्या मुलखात आहे. देलाखारीच्या आसपासचे आणि पचमढीच्या पठारावरचे वन म्हणजे त्या राज्यापासून तुटून पश्चिमेस मागे राहिलेले एक एकाकी ठाणे होय.

१८६२ साली या डोंगराळ भागाच्या पाहणीसाठी आलेला जेम्स फॉर्साइथ हा इंग्रज लष्करी अधिकारी उत्तम निरीक्षक होता, आणि सालाचे हे एकटेपण त्याच्या नजरेतून सुटले नाही. या तुटलेल्या वनाबरोबर पूर्वेकडचा बारशिंगा आणि तांबडा रानकोंबडा हेही येथे येऊन राहिले आहेत, भोवतालच्या सागाच्या वनात मात्र ते आढळत नाहीत, असे त्याने टिपून ठेवले. त्याचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. तांबडा रानकोंबडा आणि दक्षिणेचा राखी रानकोंबडा हे दोघे शेजारी म्हणून नांदावेत अशा थोड्या जागांपैकी पचमढी ही एक आहे. बारशिंगा मात्र मधल्या काळात येथून नाहीसा झाला. २०१५ पासून कान्ह्याहून बारशिंगे आणून त्यांना बोरीच्या भागात पुन्हा वसविण्याचे काम वनखात्याने हाती घेतले आहे.

साल येथेच का टिकला, हा प्रश्न मनात धरूनच मी पचमढीचा रस्ता चढलो. त्याचे अर्धे उत्तर दगडात आहे आणि अर्धे आगीत, आणि ही दोन्ही उत्तरे एकमेकांवाचून अपुरी आहेत, असे आता मला वाटते.

आगीची ओळख आधी झाली. देलाखारी सोडल्यावर रस्त्यापासून थोड्या अंतरावर एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली एक वृद्ध गोंड बाई दोन मुलींसह फुले वेचीत बसली होती. आमचा गाडीवान सौंसरचा, घरात मराठी व बाजारात हिंदी बोलणारा, त्यामुळे दुभाषाची अडचण पडली नाही. झाडाच्या पसाऱ्याइतके वर्तुळ जाळून काळे केलेले होते, आणि त्या काळ्या राखेवर पहाटेपासून गळलेली मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले एकेक वेगळी उठून दिसत होती. पाने जाळली नाहीत तर फूल पानांत हरवते, आणि उन्हे चढली की सुकून पानांच्याच रंगाचे होते, असे तिने समजावून दिले. जाळण्यापूर्वी भोवतालचा हातभर रुंदीचा पट्टा तिने झाडूने साफ करून घेतला होता. आग त्याच्या बाहेर जाऊ नये म्हणून. सगळेच एवढी काळजी घेतात का, असे विचारता तिने मान हलविली. वाऱ्याच्या दिवशी, घाईच्या वेळी, किंवा झाड गावापासून दूर असले म्हणजे तो पट्टा राहून जातो, आणि मग रात्री डोंगराच्या अंगावर लाल रेघ चढताना दिसते.

मोहाखेरीज आगीची आणखीही कारणे आहेत. तेंदूच्या झुडपांना कोवळी, मोठी पाने फुटावीत म्हणून कोणी आग लावतो. गुरांसाठी नवे गवत उगवावे म्हणून कोणी लावतो. कोणाची विडी पडते. पूर्वी कोरकू आणि गोंड लोकांची 'दह्या' नावाची फिरती शेती होती, तिचे वर्णन फॉर्साइथने सविस्तर केले आहे : उतारावरची झाडी तोडून ती उन्हाळाभर वाळू द्यावी, पावसाच्या तोंडी पेटवावी, आणि राखेच्या वरच्या कडेला कुटकी-कोदोसारख्या धान्याचे बी टाकून ठेवावे, पहिला पाऊस ते बी राखेबरोबर उतारावर खाली पसरवितो. एकदोन पिके झाली की ती जागा सोडून दुसरीकडे जावयाचे. म्हणजे ज्याला आपण आदिम अरण्य म्हणून पाहावयास जातो, त्याच्या बऱ्याचशा भागावरून माणसाच्या हातची आग शतकानुशतके फिरून गेलेली आहे, आणि आजचे वृक्ष हे त्या आगीतून निवडून निघालेले वृक्ष आहेत.

ही निवड कशी होते ते पठारावर पोहोचल्यावर पाहावयास मिळाले. आमच्याबरोबरचा वाटाड्या हा कोरकू तरुण, फार थोडे बोलणारा. परंतु सालाच्या रोपाशी तो थांबला आणि गुडघ्यावर बसून त्याने भोवतालची माती बोटांनी उकरली. जमिनीवर वीतभर उंचीचा, तांबूस कोवळ्या पानांचा एक कोंब होता. त्याच्या शेजारी गतवर्षीचा करपलेला कोंब काडी होऊन उभा होता. त्याहीशेजारी आधीच्या एका कोंबाचा कुजका खुंट. या तिन्हींच्या खाली मात्र मनगटाएवढी जाड, गाठाळ मुळी होती. सालाचे रोप असे वर्षामागून वर्ष वरून मरते आणि खालून वाढते. कधी आग त्याचा शेंडा नेते, कधी पौषातले गोठलेले दव नेते, कारण पचमढीच्या सखल जागी हिवाळ्यात असे दव गोठते, कधी उन्हाळ्याचा ताप नेतो; आणि मुळीत पुरेसा साठा झाला म्हणजे एखाद्या अनुकूल वर्षी तो कोंब असा झपाट्याने वर जातो की पुढच्या वणव्याच्या ज्वाळा त्याच्या शेंड्यापर्यंत पोहोचत नाहीत. मग खोडावर जाड, भेगाळ साल धरते, आणि पाचोळ्याची आग तिच्यापुढे हतबल होते. त्याचे पंखाचे बीही मृगाच्या तोंडावरच पक्व होऊन पडते आणि फार थोडे दिवस जिवंत राहते; तेवढ्यात त्याच्या मुळाला उघडी माती मिळाली पाहिजे. पाचोळ्याचा जाड थर मध्ये असला तर मूळ वाळते. हलक्या आगीने स्वच्छ झालेली जमीन आणि लगेच येणारा पाऊस, यांच्या संधीवर हा वृक्ष जगतो.

या ठिकाणी थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे, कारण आगीविषयीचा सरकारी विचार याच डोंगरांत जन्मला. १८५८ च्या उत्तरार्धात तात्या टोपे नर्मदा उतरून सातपुड्यात आले, तेव्हा हर्राकोटचे कोरकू जागीरदार भभूतसिंह यांनी त्यांना साहाय्य केले, आणि तात्या पुढे निघून गेल्यावरही या दऱ्याखोऱ्यांच्या आधाराने कंपनीच्या व नंतर राणीच्या फौजेशी झुंज चालू ठेविली. ते पकडले गेले आणि १८६० साली जबलपुरास त्यांना देहदंड झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी फॉर्साइथ पचमढीस आला आणि त्याने बांधलेला 'बायसन लॉज' हा बंगला आजही उभा आहे. तेथे वनखात्याचे संग्रहालय आहे. १८६५ साली पश्चिमेकडचे बोरीचे सागवान राखीव करण्यात आले. देशातील सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागाची तोड अनिर्बंध चालली होती, मक्तेदार ओरबाडून नेत होते, आणि ती थांबविणे अगत्याचे होते यात शंका नाही. परंतु त्याबरोबरच मध्यप्रांताचा पहिला वनाधिकारी कर्नल पिअर्सन याने बोरीत वणवा संपूर्ण बंद करण्याचा प्रयोग आरंभिला. भोवती जाळरेषा काढल्या, राखणदार नेमले, दह्या बंद केली, गावकऱ्यांस ताकीद दिली. तो प्रयोग यशस्वी ठरला आणि तोच सर्व हिंदुस्थानच्या वनखात्याचा दंडक झाला.

पुढच्या पन्नास वर्षांत या दंडकाची दुसरी बाजू दिसू लागली. ब्रह्मदेशातील ओलसर सागवनात आग बंद केल्यावर सागाची नवी रोपे येईनात. बंगालच्या द्वार भागात सालाच्या खाली सदाहरित झाडोरा इतका माजला की सालाचे बी मातीपर्यंत पोहोचेना. विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात वनाधिकाऱ्यांमध्ये यावर कडाक्याचा वाद झाला, आणि अखेर कित्येक ठिकाणी ज्या खात्याने आगीवर बंदी घातली त्याच खात्याने हिवाळ्याच्या शेवटी, गवतात ओल असतानाच, बेताची आग स्वतः लावण्यास आरंभ केला. गावकरी जे करीत आले होते त्यातला सर्वच भाग अज्ञानाचा नव्हता, हे या वादाने सिद्ध केले. पण त्याचा विपरीत अर्थ काढून आग सदैव हितावह असे मानणेही तितकेच चुकीचे ठरेल. दरवर्षी, त्याच जागी, मे महिन्याच्या कोरड्या वाऱ्यात लागलेला वणवा सालाच्या कोंबाला डोके वर काढू देत नाही. माती उघडी पडून पहिल्या पावसात वाहून जाते. आणि मोकळ्या झालेल्या जागी घाणेरीची जाळी माजते, जी आगीनंतर पुन्हा जोमाने फुटते. आग किती, केव्हा आणि किती वर्षांनी, हा खरा प्रश्न आहे.

आता दगडाकडे वळतो. पचमढीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंच. त्याच्या कडेचा धूपगड सुमारे १,३५० मीटर, आणि साऱ्या सातपुड्यात त्याहून उंच शिखर नाही. हे सारे वालुकाश्माचे आहे. गोंडवन कालखंडातील नद्यांनी आणून टाकलेली वाळू व गारगोट्या दडपून त्याचे थर झाले. कड्याजवळ उभे राहून पाहिले तर जाड्याभरड्या वाळूत गुळगुळीत पांढऱ्या गारगोट्यांच्या ओळी अजून जशाच्या तशा रुतलेल्या दिसतात. हा दगड सच्छिद्र आहे. पावसाळ्यात पठारावर पडलेले पाणी त्यात मुरते आणि वर्षभर थेंबाथेंबाने दऱ्यांच्या भिंतीतून पाझरते. उभ्या भेगांच्या रेषेत दगड तुटत गेला की सरळसोट कडे उरतात. आणि कठीण थराखालचा मऊ थर पाण्याने झिजला की कपारी व गुहा होतात. साल वृक्षाला जी खोल, निचऱ्याची, तरीही तळाशी ओल धरणारी जमीन लागते, ती या वालुकाश्माच्या भुसभुशीत रेतीने दिली. भोवतालच्या काळ्या कातळावर सागाने आपले ठाणे मांडले. साग आणि साल यांची सरहद्द म्हणूनच पुष्कळ ठिकाणी दगडांची सरहद्द आहे.

हांडीखोह या दरीच्या काठावर उभे राहिले म्हणजे या दगडाचे सामर्थ्य ध्यानात येते. पठार चालता चालता एकाएकी संपते आणि पायाखाली सुमारे तीनशे फूट उभा कडा तुटलेला असतो. खाली वृक्षांचे शेंडे एकमेकांत मिसळून केवळ एक दाट हिरवा पृष्ठभाग दिसतो. महादेवाने दुष्ट सर्पाला या दरीत कोंडले अशी लोककथा आहे. कड्याच्या पुढे आलेल्या छपरांखाली आग्यामोहोळांचे काळे अर्धचंद्र लटकत असतात. पठारावर त्याच आठवड्यात वणवा फिरून गेला होता. काठापर्यंतचे गवत जळून काळे झाले होते आणि काठावरच आग थांबली होती. दरीत ओल आहे, सावली आहे, आणि उभ्या दगडावर जळण्यासारखे काही नाही.

वाटाड्याने आम्हांला दुसऱ्या, उतरता येण्याजोग्या एका खोहीत नेले. पन्नास पावले उतरताच हवेचा स्पर्श बदलला. वर सालाची पालवी उन्हात चमकत होती आणि येथे दगडाच्या भिंतीला शेवाळ, हातभर लांबीची नेच्यांची पाने, आणि ओढ्याच्या काठी, छत्रीसारखा पसारा करून उभा असलेला वृक्षनेचा. ही वनस्पती कोकणच्या आणि पश्चिम घाटाच्या ओल्या दऱ्यांतली, किंवा थेट हिमालयाच्या पायथ्याची. मध्य भारताच्या कोरड्या मुलखात ती या खोहींतच तग धरून आहे. वर दर काही वर्षांनी आगीने वनाची निवड होत राहिली आणि खाली कड्यांनी त्या निवडीपासून दुसऱ्या एका वनाला झाकून ठेविले. पूर्वी हवामान अधिक आर्द्र असताना जी वनस्पती सर्वत्र पसरली असेल, तिचे अवशेष या दगडी आसऱ्यात राहिले, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. झाडांच्या उंच छत्रांतून शेकरूची करडी हाक आली. आपल्या महाराष्ट्राचा तो राज्यप्राणी येथे बोरीच्या व पचमढीच्या वनात निर्वेध नांदतो.

या कपारींत माणसेही राहिली. महादेव डोंगरांत चित्रांकित शैलाश्रय विपुल आहेत. जी. आर. हंटर यांनी १९३० नंतरच्या दशकात डोरोथी डीप नावाच्या आश्रयात उत्खनन केले, आणि तेथे सापडलेल्या सूक्ष्म दगडी हत्यारांचा अहवाल नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास डी. एच. गॉर्डन यांनी येथील चित्रांचा अभ्यास केला. मी पाहिलेल्या एका आश्रयात, डोळ्यांच्या उंचीवर, पांढऱ्या रंगाने काढलेले मध काढण्याचे चित्र होते. दोरांची लांब शिडी, तिच्यावर वाकलेली एक शिडशिडीत आकृती, वर पोळ्याचा लंबगोल, आणि त्याभोवती ठिपक्यांची विखुरलेली गर्दी म्हणजे चवताळलेल्या माश्या. एका ठिपक्याचा रंग ओघळून खाली आला होता आणि चित्रकाराने तो तसाच राहू दिला होता. मध काढावयाचा तर धूर हवा आणि धूर हवा तर आग हवी. हांडीखोहच्या कड्यावरची मोहोळे काढण्याची रीत, दोर आणि धुमसता पेंढा, आमच्या वाटाड्याने हातवारे करून दाखविली, तेव्हा भिंतीवरच्या त्या माणसाशी त्याचे नाते सांगण्यासाठी कोणा पंडिताची गरज उरली नाही.

गावाजवळच्या पांडव लेणी म्हणून प्रसिद्ध असलेल्या पाच गुहा मी धावत पाहिल्या. त्या बौद्ध भिक्षूंनी कोरल्या असाव्यात असे विद्वानांचे मत आहे. जटाशंकराची घळ मात्र सावकाश पाहावी. दोन प्रचंड शिळांच्या मधून उतरणारी वाट, थंड पाण्याचा झरा, आणि वर अडकून राहिलेला एक अवजड पाषाण. गुप्त महादेवाची गुहा तर एवढी अरुंद की आडवे होऊन सरकतच आत जावे लागते.

मराठी माणसाचे या डोंगरांशी नाते दोन प्रकारचे आहे. एक सरकारी : मध्यप्रांत व वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालत असे त्या काळी पचमढी ही उन्हाळ्याची राजधानी होती, आणि वैशाखात दप्तरासह अंमलदार येथे येत. दुसरे नाते याहून फार खोल आहे. महाशिवरात्रीस जड त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडच्या पायऱ्या चढणारे, आणि नागपंचमीपूर्वीच्या दिवसांत नागद्वारीच्या यात्रेस जाणारे भक्त मोठ्या संख्येने विदर्भातले असतात. वर्धा, अमरावती, नागपूर येथील मंडळे भर पावसात शिधा घेऊन डोंगरात उतरतात, काजळी व पद्मशेष येथे पाल ठोकून येणाऱ्याजाणाऱ्यास जेवू घालतात, आणि महादेवाची गाणी म्हणत निसरड्या कड्यांवरून वाट काढतात. नागद्वारीची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून जाते, म्हणून वर्षाच्या इतर काळात ती बंदच असते.

१९८१ साली स्थापन झालेले सातपुडा राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेली बोरी व पचमढी ही अभयारण्ये मिळून आजचा व्याघ्र प्रकल्प झाला आहे. सभोवारच्या विस्तीर्ण प्रदेशास १९९९ साली जीवावरण क्षेत्र घोषित करण्यात आले व २००९ साली युनेस्कोने त्यास आपल्या जाळ्यात घेतले. नाक्यावर भेटलेल्या वनरक्षकाने आगीचा आजचा बंदोबस्त सांगितला. थंडी ओसरण्यापूर्वी जाळरेषांवरचे गवत कापून जाळावयाचे. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत आगीचा हंगाम धरावयाचा. उपग्रहाला कोठे आग दिसली की देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर संदेश येतो, आणि मग डहाळ्या व पाला उडविणारी यंत्रे घेऊन धावावयाचे. तो म्हणाला की सर्वांत उपयोगी ठरते ती गावातल्या लोकांशी आधी झालेली बोलणी : कोणत्या मोहाखाली कोण वेचतो हे ठाऊक असले, झाडाखाली जाळी बांधण्यास किंवा निदान पट्टा झाडून घेण्यास तो राजी झाला, तर निम्मे काम झाले. माझ्या मते हाच विचार वनखात्याने अधिक निर्भयपणे पुढे न्यावा. मोहवाल्या बाईच्या झाडूच्या पट्ट्यात जे ज्ञान आहे ते दप्तरात घ्यावे. कोणत्या उतारावर हलकी आग चालेल आणि कोणत्या खोहीच्या तोंडाशी ती मुळीच येऊ देऊ नये, हे गोंड व कोरकू गावकऱ्यांना बरोबर घेऊन ठरवावे.

बहुतेक प्रवासी येथे दिवाळीत किंवा नाताळात येतात, आणि विदर्भातले यात्रेकरू पावसात. सालाची पालवी, मोहाचा गळ आणि वणव्याच्या खुणा एकत्र पाहावयाच्या असल्यास चैत्रात यावे. नागपूरहून येणाऱ्यास तामिया-देलाखारी-मटकुलीचा रस्ता सोयीचा. रेल्वेने येणाऱ्याने पिपरियास उतरावे. संरक्षित भागात शिरण्यास परवाना आणि वाटाड्या घ्यावा लागतो. वाटाड्या शक्यतो आसपासच्या गावचाच मागून घ्यावा. चित्रांना हात लावू नये, त्यांवर पाणी शिंपडू नये. आणि काड्यापेटी गाडीतच ठेवावी.